मराठी वाङ्मय आणि गणित दोन्ही घ्यायचं आहे? मग अभ्यास असा करा

परवा संध्याकाळी माझ्या ट्युशनवरची एक पोरगी घरी आली, बारावी झाली तिची, आत पण आली नाही, पायरीवरच बसली आणि म्हणाली, "ताई, मला कविता सोडायची नाही आणि गणितही सोडायचं नाही, घरचे म्हणून राहिले की एक काहीतरी पक्कं कर, काय करू?" तिच्याशी दीड तास बोलली मी. मी स्वतः नागपूर विद्यापीठातून बी.ए. केलं, मराठी वाङ्मय, गणित आणि अर्थशास्त्र असे विषय घेऊन, तेव्हा मला हे सांगणारं कोणी नव्हतं म्हणून तिला जे सांगितलं ते सगळं नीट लिहून काढते.

पहिले ॲडमिशनचं. पुष्कळ जणांना वाटते की गणित फक्त सायन्सवाल्यांचं. असं नाही. अकरावी-बारावीला आर्ट्समधूनही गणित घेता येते आणि पेपर सायन्सवाल्या पोरांचाच असतो, तो काही सोपा वेगळा पेपर नाही. आता नवीन शैक्षणिक धोरण आल्यावर पदवीला मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) असते, २० एप्रिल २०२३ च्या शासनाच्या जीआरप्रमाणे मायनर विषय दुसऱ्या फॅकल्टीचा पण घेता येतो, आणि ओपन इलेक्टिव्ह (आवडीनं निवडायचा जादा विषय) तर दुसऱ्याच फॅकल्टीचा घ्यावा लागतो. म्हणजे गणित मेजर आणि वाङ्मय मायनर, किंवा उलटं, कागदावर दोन्ही शक्य आहे. पण कागदावर. प्रत्यक्षात त्या कॉलेजात दोन्ही विभाग पाहिजेत आणि दोन्हीचे तास एकाच वेळी नको. माझ्या पहिल्या वर्षी आठवड्यातून तीन दिवस गणित आणि वाङ्मय एकाच वेळी होते, ऑफिसमधे विचारलं तर उत्तर मिळालं की ॲडजस्ट करा, आणि मी पूर्ण सेमिस्टर कॉरिडॉरमधे पळत राहिली, अर्धा तास इकडे अर्धा तास तिकडे, दोन्ही अर्धवट. म्हणून फी भरायच्या आधी मागच्या वर्षीचं टाइमटेबल मागा. माहितीपत्रक नाही, टाइमटेबल. देत नसतील तर सेकंड इयरच्या कोणत्याही पोराला गाठा, त्याच्या मोबाईलमधे फोटो असतोच.

एकाच वेळी दोन डिग्र्या करायची परवानगी यूजीसीनी २०२२ मधे दिली आहे, तर मग बी.ए. आणि बी.एस्सी. दोन्ही करू का असं तिनं विचारलं. नको. दोन परीक्षा, दोन प्रोजेक्ट, दोनदा इंटर्नल, वाचायला वेळ कधी मिळणार?

मेजर कोणतं घ्यावं यावर माझं मत स्पष्ट आहे, गणित घ्या. वाङ्मय कमी म्हणून नाही. पण गणितात एक पायरी निसटली की वरचं काहीच दिसत नाही, आणि ती पायरी दाखवायला समोर सर पाहिजेतच. वाङ्मयात एखाद्या सेमिस्टरला वाचन राहिलं तर उन्हाळ्यात भरून काढता येते. क्रेडिटचा हिशोबही पाहून ठेवा, एका क्रेडिटला १५ तास शिकवणं धरतात, म्हणजे ४ क्रेडिटच्या विषयाचे ६० तास, आणि घरी त्याच्या दुप्पट वेळ धरला तरच गाडी रुळावर राहते.

आता खरी गोष्ट, अभ्यास कसा करायचा. हे सांगायच्या आधी मी काय चुकली ते सांगते, कारण बहुतेक पोरं तिथेच चुकतात. पहिल्या सेमिस्टरला मी दोन्ही विषय गाईडमधून घोकले. गणितात दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे याची सिद्धता तोंडपाठ केली, स्वप्नात विचारली असती तरी सांगितली असती. पेपरमधे आलं तीनचं वर्गमूळ. आणि मी तिथे काय लिहून आली, तर "म्हणून पी सम आहे". तीनच्या वर्गमूळात सम-विषमचं काय काम! शून्य मिळाला त्याला आणि बरोबरच मिळाला.

हीच सिद्धता धरून सांगते, म्हणजे वाचायचं कसं ते समजेल. धरा की दोनचं वर्गमूळ पी भागिले क्यू आहे, अतिसंक्षिप्त रूपात, म्हणजे दोघांना सामाईक अवयव नाही. मग पी वर्ग बरोबर दोन क्यू वर्ग. म्हणून पी वर्ग सम, म्हणून पी सम. पी सम म्हटलं की क्यू पण सम निघतो, आणि सामाईक अवयव नाही हे आपण धरलेलं मोडते. झालं. पण यात जीव कुठे आहे? "पी वर्ग सम म्हणून पी सम" या एका ओळीत. बाकी सगळं आकडेमोड. त्या ओळीवर पेन्सिल ठेवा आणि विचारा की हे का खरं आहे. मग तीनसाठी ती ओळ बदला, पी वर्गाला तीनने भाग जातो म्हणून पीला तीनने भाग जातो, हेही खरं, कारण तीन मूळसंख्या आहे. आता चारसाठी करून पाहा. चारचं वर्गमूळ तर सरळ दोन आहे, मग सिद्धता तिथे मोडलीच पाहिजे ना, कुठे मोडते? दोनच्या वर्गाला चारने भाग जातो पण दोनला चारने जात नाही. तीच ओळ! हे ज्या दिवशी मी स्वतः कागदावर केलं त्या दिवसानंतर एकही सिद्धता मला पाठ करावी लागली नाही. प्रत्येक सिद्धतेत अशी एक ओळ असते, ती शोधायची, आणि एक उदाहरण असं घ्यायचं की जिथे प्रमेय खोटं पडते, मग पाहायचं की सिद्धता कोणत्या ओळीवर अडकते.

वाङ्मयात माझं तेच झालं. गाईडमधे प्रत्येक कवितेला तेच चार मथळे, आशय, प्रतिमा, भाषाशैली, समारोप, आणि मी पावसाच्या कवितेवर "निसर्गाचे मनोहारी वर्णन" असं लिहून आली. त्या कवितेत पावसात एका बाईचं घर वाहून गेलं होतं. मॅडमनी पेपर परत देताना काही बोलल्या नाहीत, फक्त कवितेतल्या "चूल" या शब्दाखाली लाल रेघ मारून दिली. मी तो शब्द वाचलाच नव्हता.

तर कविता वाचायची माझी पद्धत आता अशी आहे. पहिल्यांदा मोठ्यानं वाचा, घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर जा. दुसऱ्यांदा हातानं वहीत उतरवून घ्या, फोटो नाही, हातानं, कारण उतरवताना प्रत्येक शब्दावरून हात जातो आणि डोळा जे गाळतो ते हात गाळत नाही. तिसऱ्यांदा फक्त क्रियापदं अधोरेखित करा आणि काळ पाहा, कुठे भूतकाळ आहे, कुठे एकदम वर्तमान होतो. मग पाहा बोलून कोण राहिलं आणि कोणाशी. मग परत आलेले शब्द. एवढं झाल्यावर स्वतःचे दहा ओळी लिहा, चुकीच्या असल्या तरी चालतील, आणि त्यानंतरच समीक्षेचं पुस्तक उघडा. आधी उघडलं की स्वतःचं काही सुचतच नाही, हे मी शंभर वेळा पाहिलं.

कवी ग्रेस आपल्या नागपूरचेच, त्यांच्या कवितेला पोरं घाबरतात कारण पहिल्याच ओळीला "याचा अर्थ काय" म्हणून विचारतात. अर्थ शेवटी विचारा. वरची सगळी कामं आधी करा, कोणते शब्द परत परत येतात याची यादी करा, संध्याकाळ किती वेळा आली, आई किती वेळा आली. यादी झाली की कवितेत पाय ठेवायला जागा मिळते. गणिताच्या पोराला हे पटकन जमते, कारण अवघड गणितातही आपण पहिले काय काय दिलं आहे तेच लिहितो, उत्तर नाही.

कादंबरीसाठी दोनच गोष्टी. दिवसाला २५ पानं ठरवा, ३०० पानांची कादंबरी १२ दिवसात होते. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं पात्रांची नावं आणि नाती लिहीत चला. बस.

गणितातल्या व्याख्यांवर मात्र थोडं थांबते, कारण ॲनालिसिसमधे (सीमा, सातत्य शिकवणारा गणिताचा भाग) निम्मी पोरं तिथेच गळतात आणि वाङ्मयवाल्यांना खरं तर ते सोपं जायला पाहिजे. एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या (उत्तर फार तर किती हललं तर चालेल ते एप्सिलॉन, आणि त्यासाठी एक्सला किती हलू द्यायचं ते डेल्टा) म्हणजे शेवटी एक वाक्य आहे आणि वाक्यात शब्दांचा क्रम असतो. हे दोन वाक्यं पाहा. "वर्गातल्या प्रत्येक पोराला एक सायकल मिळाली." "वर्गातल्या सगळ्या पोरांना मिळून एकच सायकल मिळाली." पोरं तीच, सायकल हाच शब्द, पण पहिल्यात ज्याची त्याची वेगळी आणि दुसऱ्यात एकीवर सगळ्यांचं भागवायचं. आता फलन (फंक्शन) सतत आहे म्हणजे प्रत्येक बिंदूला त्याचा त्याचा डेल्टा मिळतो. एकसमान सतत आहे म्हणजे सगळ्या बिंदूंना मिळून एकच डेल्टा पुरतो. एवढाच फरक. एक्स वर्ग घ्या, एक्स १० जवळ ०.०१ नी हललं तर वर्ग साधारण ०.२ नी हलतो, १००० जवळ तेवढंच हललं तर वर्ग साधारण २० नी हलतो, म्हणून पूर्ण संख्यारेषेवर एक डेल्टा सगळ्यांना पुरत नाही, जितकं पुढे जाल तितका लहान डेल्टा लागतो. सतत आहे, पण एकसमान नाही. माझ्या वर्गातली पोरं या दोन व्याख्या लांबच लांब चिन्हांत पाठ करायची आणि परीक्षेत क्रम उलटा लिहून यायची. तुम्ही चिन्हांतली व्याख्या समोर आली की पहिले मराठी वाक्य करा, मोठ्यानं म्हणा, आणि मग "प्रत्येक" कुठे आहे आणि "एक" कुठे आहे ते पाहा.

भाषेचं पण यातच येते. मराठी मीडियमची पोरं पदवीला आली की पुस्तकं इंग्रजीत असतात आणि एकदम बिचकतात. संच, फलन, सीमा, सिद्धता हे शब्द सोडू नका, दोन्ही शब्द एका वहीत समोरासमोर लिहा. प्रमेय इंग्रजीत वाचायचं, समजून मराठीत कोणाला तरी सांगायचं, आणि परत इंग्रजीत लिहायचं. वेळ जातो, पण इंग्रजी वाक्य तसंच्या तसं पाठ केलेल्या पोराला सरांनी "म्हणजे काय रे" विचारलं की तो गप्प होतो, तुम्ही होणार नाही.

आता ज्या जागी हे दोन्ही विषय खरोखर एकत्र येतात ती दाखवते, पायरीवर त्या पोरीलाही हेच दाखवलं होतं. वृत्त, म्हणजे कवितेच्या ओळीतला अक्षरांचा ठरलेला क्रम. आपण शाळेत "यमाताराजभानसलगं" शिकलो, लघु-गुरू (आखूड आणि लांब अक्षर) शिकलो, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) शिकलो आणि विसरलो. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, ओळीत १२ अक्षरं, चार य गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू चार वेळा, मात्रा २०. मी तिथेच एक ओळ केली, "दुपारी उन्हाने जळे शांत वाडा", आणि तिला म्हटलं मोज. दु-पा-री, बरोबर. उ-न्हा-ने ला ती थांबली. "ताई, न्हा जोडाक्षर आहे, मग आधीचा उ गुरू होणार ना? वृत्त मोडलं." तिचं चुकलं, पण किती चांगलं चुकलं! कारण नियम एवढाच नाही की पुढे जोडाक्षर असलं की आधीचं अक्षर गुरू, नियम असा आहे की त्या जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर येत असेल तरच गुरू. "उन्हा" म्हणताना उ वर जोर येत नाही, "तुम्हा" मधे तु वर येत नाही, पण "पुस्तक" मधे पु वर येतो. म्हणून उ लघुच. म्हणजे तिनं नियम पाठ केला होता आणि त्याची अट गाळली होती, आणि प्रमेय लावताना पोरं नेमकी हीच चूक करतात.

मग तो "यमाताराजभानसलगं" शब्दच घ्या. लघु किंवा गुरू असे दोन पर्याय, तीन अक्षरं, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, गण आठच होतात, नववा होऊच शकत नाही. आणि या दहा अक्षरांत कुठूनही लागोपाठ तीन अक्षरं उचला, यमाता, मातारा, ताराज, असं करत सलगं पर्यंत, आठही गण एकेकदाच येतात, एकही राहत नाही आणि एकही दोनदा येत नाही. ज्यानं हा शब्द बनवला त्याला मी मनातून नमस्कार करते.

आणि पुढचं. लघुची १ मात्रा, गुरूच्या २. मग ४ मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? तिनं बोटावर केलं, गुरू-गुरू, गुरू-लघु-लघु, लघु-गुरू-लघु, लघु-लघु-गुरू, आणि चारही लघु. पाच. ३ मात्रांचे तीन, २ चे दोन, १ चा एक. ५ मात्रांचे? ती लिहायला लागली तर मी हात धरला, म्हटलं लिहू नको, शेवटचं अक्षर काय असेल ते सांग. लघु असेल तर आधी ४ मात्रा भरायच्या, गुरू असेल तर आधी ३. म्हणजे पाच अधिक तीन, आठ. एक, दोन, तीन, पाच, आठ, आता हे आकडे कुठे पाहिले? इटलीच्या फिबोनाची या गणितज्ञाचे म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, त्याचं पुस्तक १२०२ चं, पण आपल्याकडे विरहांक आणि नंतर हेमचंद्र या जुन्या पंडितांनी छंदशास्त्रात मात्रावृत्तं (मात्रा मोजून बांधलेली वृत्तं) मोजताना हेच आधी सांगून ठेवलं होतं, हेमचंद्राचं काम साधारण ११५० च्या सुमाराचं. ६ मात्रांचे किती ते तिनं कागद न घेता सांगितलं, तेरा. तुमच्या कॉलेजात भारतीय ज्ञान परंपरेचा पेपर असेल आणि प्रोजेक्ट द्यायचा असेल तर हा विषय घ्या, दोन्ही विभागाचे सर खुश होतात आणि काम खरोखर स्वतःचं करता येते.

गझल आवडत असेल तर तिथेही हेच. सुरेश भट आपल्या नागपुरात राहिले, त्यांच्या नावाचं सभागृह रेशीमबागेत आहे, त्यांची गझल आपण नुसती गुणगुणतो. एकदा वही घेऊन बसा आणि व्याख्या लिहा, मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात (दोन ओळींचा एक शेर), दोन्ही ओळींत काफिया, म्हणजे यमक, पाहिजे, पुढच्या प्रत्येक शेरात दुसऱ्या ओळीत, सगळ्या ओळींचं वृत्त एकच, आणि शेर स्वतंत्र उभा राहिला पाहिजे. मग स्वतः दोन शेर लिहून पाहा. छापायला नाही, फक्त अटीत राहून लिहिणं किती कठीण असते ते हाताला समजायला.

दिवसाचं सांगते. गणित सकाळी, उठल्यावर, मोबाईल उघडायच्या आधी, दीड तास, त्यात एक सिद्धता आणि चार-पाच उदाहरणं, जास्त नाही. वाङ्मय संध्याकाळी किंवा रात्री. उलटं करून पाहिलं, रात्री थकल्यावर सिद्धता वाचली की नुसते डोळे फिरतात, आणि सकाळच्या घाईत कविता वाचली जात नाही. दोन विषय लागोपाठ ठेवू नका, मधे स्वयंपाकघरात जा, भाजी निवडा, चक्कर मारा, नाहीतर डोकं पहिल्यातून निघत नाही. उन्हाळ्यात आपल्या नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी १२ ते ४ घरी कूलरसमोर झोपच येते, तेव्हा जवळची अभ्यासिका लावा किंवा कॉलेजच्या लायब्ररीत बसा, आणि त्या वेळेला हलकं काम ठेवा, उतरवून घेणं, शब्दांची वही, जुने पेपर. सीताबर्डीला गेलात तर झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ चा, आपलं विद्यापीठही त्याच वर्षीचं, तिथे कार्यक्रम असतात, मागच्या खुर्चीवर बसून ऐका. कवी स्वतःची कविता वाचताना कुठे थांबतो हे ऐकणं दहा गाईडपेक्षा कामाचं आहे.

परीक्षेसाठी वेगळं काही लागत नाही, फक्त लिहायची सवय लागते. गणितात प्रत्येक ओळीच्या शेवटी कारण लिहा, "दिलेलं आहे", "व्याख्येवरून", "मागच्या ओळीवरून", आणि जिथे कारण सापडत नाही तिथे थांबा, चूक तिथेच असते. वाङ्मयातही मी तेच करायला लागली, कवितेत कवीला एकटं वाटते असं लिहिलं तर लगेच खाली ती ओळ आणि तो शब्द दाखवायचा, दाखवता येत नसेल तर वाक्य खोडायचं. माझी उत्तरं अर्धी लहान झाली आणि मार्क वाढले. शेवटच्या पंधरा दिवसात नवीन काहीच वाचायचं नाही, जुने पाच पेपर घड्याळ लावून सोडवायचे, गणिताचे तर पूर्ण तीन तास, पंखा असो नसो, मधे उठायचं नाही.

आणि एक सोबती शोधा, विषयाबाहेरचा. माझी एक मैत्रीण फक्त वाङ्मयाची होती, गणिताचं नाव काढलं की पळायची. आम्ही रविवारी सकाळी फुटाळा तलावावर जायचो, तर्री पोहे खायचे आणि मग मी तिला आठवड्यातली एक सिद्धता सांगायची, चिन्हं न वापरता, आणि ती मला एक कविता सांगायची. ती मधेच म्हणायची, "थांब, हे कुठून आलं?" आणि नव्वद टक्के वेळा मला पण माहीत नसायचं की कुठून आलं. मग सोमवारी सरांकडे जायला माझ्याजवळ नेमका प्रश्न असायचा.